विश्रामचा हातगुण

"मग माझ्याच हातची मिरची का मरते, महाराज?"

विश्राम मठाच्या शेडनेटच्या दारात उभा होता. आत हिरव्या जाळीखाली, दोऱ्यांवर चढवलेली ढोबळी मिरची. पानांवर पिवळे चट्टे, फळं वाकडी, सुरकुतलेली. ओळीच्या ओळी हातच्या गेल्या होत्या.

भवानगिरी महाराजांनी बाहेरूनच पाहिलं. आत पाऊल टाकलं नाही.

या शिष्याच्या हाताला गुण आहे, असं गावात म्हणत. आजारी लेकरं त्याच्यापुढे आणून बसवत. आपली ही ख्याती विश्रामलाही चांगली तोंडपाठ होती.

"फुटवे कोण खुडतं?" महाराजांनी विचारलं.

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"सकाळी सुरुवात कुठून करतोस?"

"आजारी झाडापासून." विश्रामची मान ताठ झाली. "त्याची पानं कुरवाळतो, फुटवे काढतो, मग पुढच्या झाडाकडे जातो. आधी दुखणाऱ्याकडे जावं... तुम्हीच शिकवलंत."

महाराजांनी डोळे मिटले.

"हो... मीच शिकवलं."

मग त्यांनी विश्रामच्या बोटांकडे पाहिलं.

"हा रोग हातानं पसरतो, विश्राम. आजारी झाडाचा रस बोटांना लागतो... आणि तीच बोटं पुढच्या झाडाला."

विश्रामनं आपले हात पाहिले. बोटं हिरवी झाली होती.

"सगळं उपटून जाळतो," तो घाईनं म्हणाला. "मठाचं एक पीक गेलं, एवढंच ना? पुन्हा लावू."

"गावातल्या शेडनेटमध्ये गेला होतास?"

विश्राम बोटं धोतराला पुसू लागला.

"विश्राम."

"बोलावतात, महाराज. नवी रोपं लावली की म्हणतात, तुमचा हात लागू द्या. इथलं काम आटोपलं की जातो..."

"कुणाकुणाकडे?"

"सगळ्यांकडे."

खाली उतारावर गावाची शेडनेट एकाला एक लागून उभी होती. त्या मिरचीवरच घरोघरच्या चुली पेटत होत्या.

विश्राम ढसाढसा रडू लागला. पाय धरायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी आता कुणाला तोंड दाखवू?"

"सगळ्यांना. हात धू आणि नीघ. प्रत्येकाच्या दाराबाहेर उभा राहा... आणि सांग, रोग माझ्या हातांवर होता, आणि तुमच्याकडे मी येऊन गेलोय."