अडीच मिली

“हे कुणाला सुचलं म्हणालास?” विसपुते सरांनी विचारलं.

“मलाच,” शार्दूल म्हणाला.

“अस्सं.”

सर गप्प झाले. शार्दूलला वाटलं, कौतुकाचे शब्द शोधत असतील.

अंबाजोगाईतल्या त्या खोलीत एक खाट होती, एक टेबल होतं आणि टेबलावर संगणक. सर लहानपणापासून अंध. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी ‘बोलका’ नावाचं सॉफ्टवेअर एकट्याने लिहायला घेतलं. पडद्यावर मराठीत जे काही असेल ते मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. ते त्यांनी फुकट आणि खुलं ठेवलं. कुणीही कोड बघावा, चूक सापडली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. प्रत्येक दुरुस्तीचं एक पान असतं, त्यावरच सगळं बोलणं होतं. दुरुस्ती आत घ्यायची की नाकारायची, हे मेंटेनरने, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने, तपासून ठरवायचं. आत घेतली की लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याने काय केलं त्याची एक ओळ तिच्यासोबत कायमची राहते. या कामाला पगार नाही. मिळतं ते एवढंच.

सर थकले, तसं मेंटेनरपण त्यांनी आपल्या या शिष्याकडे सोपवलं. शार्दूल केळशीकर हुशार होता, पुण्यातल्या मोठ्या कंपनीत होता आणि नीटनेटकेपणाचा भोक्ता होता. म्हणजे कोडच्या. त्याची खोली पाहिलेले लोक वेगळंच सांगत.

तो घेऊन आला होता ती बातमीही चांगलीच होती. बोलक्याला आकड्यातलं टिंब कळत नसे. २.५ दिसलं की तो बेधडक पंचवीस म्हणे. आता तसं होणार नव्हतं.

“दीड म्हणतो, अडीच म्हणतो, साडेतीन म्हणतो,” शार्दूल पुन्हा सांगू लागला. “घरातलं माणूस बोलतं ना सर, अगदी तसं.”

“छान आहे.”

“तुम्ही काहीच बोलला नाहीत म्हणून…”

“बोलतो. आधी ऐकू या. ते पान उघड.”

“कुठलं?”

“तू बंद केलंस ते.”

शार्दूलने पडद्याचं बटण शोधायला हात पुढे केला. सरांच्या संगणकाचा पडदा बंदच असे. ज्याचा उपयोग नाही त्याला वीज कशाला, असा त्यांचा हिशोब.

सरांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. ऐकू येतं की.”

“शेवटचा भाग तेवढा ऐकवतो, सर. वरचं सगळं…”

“वरून.”

सरांनी दुसऱ्या हाताने कळा दाबून स्वतःच पान उघडलं. काळ्या पडद्यासमोर दोघं बसले. बोलका वाचू लागला. त्याच्या आवाजाला राग नाही, लोभ नाही. पुढ्यात येईल ते तो वाचतो.

“कावेरी ढोबळे, माजलगाव. एक दुरुस्ती पाठवते आहे. डॉक्टरांनी मुलीच्या तापाच्या औषधाचा मेसेज केला होता. अडीच मिली द्या. बोलक्याने पंचवीस मिली वाचलं. मी औषध मोजायला बसले होते. एवढं कसं, म्हणून शेजारच्या काकूंनी हात धरला. दुसऱ्या कुणाच्या घरी काकू नसतील, म्हणून हे लिहिलं आहे. काही चुकलं असेल तर सांगा. खाली माझा फोन नंबर आहे.”

तिने आकड्यात लिहिलेलं २.५ बोलका आता बरोबर ‘अडीच’ बोलला.

शार्दूलने हे कधी वाचलंच नव्हतं. दुरुस्ती आली त्या दिवशी त्याची नजर थेट कोडवर गेली होती. डोळ्यांना मधलं सगळं सोडून पुढे जाता येतं. बोलक्याला ते येत नाही.

“सर, पुढचं नको.”

सरांनी त्याचा हात सोडला नाही.

बोलका पुढे वाचत होता. “शार्दूल केळशीकर, मेंटेनर. ओळींना शिस्त नाही. एक इकडे, एक तिकडे. असला गचाळ कोड वाचायला मला वेळ नाही. नाकारलं.”

लिहिताना ते करारी वाटलं होतं. मित्रांना दाखवून तो हसलाही होता. आता तेच शब्द खोलीत मोठ्याने उच्चारले गेले, आणि त्याला वाटलं, इथून उठून जावं. पण हात सरांच्या हातात होता.

“संपलं ना?” त्याने विचारलं.

“तुझं संपलं. तिचं आहे अजून.”

“कावेरी ढोबळे. माफ करा सर. मला दिसत नाही. कोड मी बोलक्याकडूनच ऐकून लिहिते. ओळीच्या आधी किती जागा सुटली ते तो सांगत नाही. कोणत्या ओळी वाकड्या आहेत ते कळवलंत तर लगेच नीट करते. पान संपलं.”

तिच्या उत्तराच्या आधीच शार्दूलने ते पान बंद केलं होतं आणि परत कधी उघडलं नव्हतं.

“ओळीआधीची जागा बोलका का सांगत नाही रे?” सरांनी विचारलं. चौकशी करावी तसं.

“आपण… ते कधी लिहिलंच नाही.”

“मेंटेनर कोण आहे?”

“…मी.”

“हं.”

“सर, मला माहीत नव्हतं की तिला…”

“तिने लिहिलंय की.”

शार्दूलने मान खाली घातली. सरांना ते दिसणार नाही, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

“मग आता सांग. अडीच कुणाला सुचलं?”

“तिला.”

“दीड?”

“तिलाच. सगळं तिचंच आहे, सर. नाकारल्यावर वाटलं, कल्पना तर चांगली आहे… मी ओळी सरळ केल्या आणि माझ्या नावाने आत घेतलं.” त्याचा आवाज बारीक झाला. “आणि आज तुमच्यासमोर बसून खोटंही बोललो. लाज वाटते मला.”

सरांनी हात सोडला.

शार्दूल घाईघाईने कीबोर्डकडे वळला. “मी आत्ता माफी लिहितो. सगळ्यांना दिसेल अशी.”

“लिहू नकोस. लिहायला तुला फार छान जमतं. फोन कर.”

नंबर सरांना पाठ होता. ऐकलेलं ते विसरत नसत. त्यांनी सांगितला, शार्दूलने लावला आणि स्पीकर चालू केला. तिने फोन उचलूच नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“हॅलो, कोण?” पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“मी… शार्दूल केळशीकर. बोलक्याचा…”

“अगं बाई! सर, तुम्ही?” कावेरी गडबडली. “थांबा, गॅस बंद करते.” पुन्हा फोनवर आली ती हसतच. “तुम्ही कशाला त्रास घेतला हो? मीच फोन करणार होते, पण म्हटलं, एवढी मोठी माणसं, कामात असतील. नवीन बोलका आला ना आमच्याकडे. अडीच म्हणतोय! लय बरं केलंत बघा. माझ्याच्याने एवढं नीट झालं नसतं. तुम्ही स्वतः बसून लिहिलंत, उपकार झाले तुमचे.”

शार्दूलने सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मदत तिकडून येणार नव्हती.

नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवता आला असता. तिला कधीच कळलं नसतं.

“ताई,” तो म्हणाला, “ते मी लिहिलेलं नाही. तुमचाच कोड आहे तो. शब्द न् शब्द. मी फक्त ओळी सरकवल्या आणि नाव माझं घातलं. चुकलं माझं.”

पलीकडे पंखा फिरताना ऐकू येत होता.

“म्हणजे… माझा बरोबर होता?”

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो, ताई.”

“मग गचाळ कशाला म्हणालात?” ती रागावली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. “मी पुन्हा कोडला हात लावला नाही त्या दिवसापासून. म्हटलं, आपलं काम नव्हे ते.”

“ताई, ते…” शार्दूल सुरू झाला.

“असू द्या,” ती मध्येच म्हणाली. “पोरगी बरी आहे माझी. ठेवते.”

फोन बंद झाला. शार्दूल तोंडावर हात ठेवून बसला. सरांनी त्याला बसू दिलं.

मग तो न सांगताच कामाला लागला. पडदा लावला नाही. बोलका सांगेल तसं चाचपडत, चुकत, पुन्हा ऐकत त्याने आपल्या नावाचा बदल मागे घेतला. कावेरीचा कोड होता तसा, वाकड्या ओळींसकट, तिच्या नावाने आत घेतला. सोबतची ओळही तिचीच ठेवली.

“झालं, सर.”

“ओळी वाकड्याच राहिल्या?”

“राहू देत. माझं नाव तिच्या कामाच्या आसपाससुद्धा नको आता. आणि सर… हा अधिकारही तुम्ही परत घ्या. मी त्या लायकीचा नाही.”

“ओळी सरळ कर.”

“सर…”

“कर.”

ओळीआधीची जागा बोलका सांगत नाही, म्हणून तेवढ्यापुरता त्याने पडदा लावला आणि केल्या. हा बदल वेगळा, त्याच्या स्वतःच्या नावाचा. बोलक्याने विचारलं, “काय केलं, एका ओळीत लिहा.”

शार्दूलने लिहिलं, ‘ओळी सरळ केल्या.’ बोलक्याने ते वाचून दाखवलं.

सरांनी मान हलवली. “वेळ नव्हता ना तुला? किती लागला?”

“याला? अर्धं मिनिट…”

सर काठी शोधत उठले.

“तेही लिही.”