एकादशीचा भात

"मग सांगा आक्का, आहे का मठात कुणी माझ्या तोडीचा उपास करणारा?"

ओसरीवर पाय टाकतानाच हैबतराव गरजले. जुना पैलवान गडी! आखाडा सुटला, पण दंड थोपटायची खोड काही सुटली नाही. तीस वर्षांत एकही एकादशी चुकली नव्हती, आणि हे गावात कुणाला ऐकायचं राहिलं नव्हतं.

कृष्णाकाठचा हा मठ गोदाआक्का चालवत. चुलीपुढून न उठताच त्यांनी विचारलं, "काल डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर! म्हणे मूत्रपिंडं थकलीत, रक्तात पोटॅशियम चढलंय. केळी बंद, रताळं बंद, शहाळं बंद. साधा भात, दुधी खा म्हणे. नाहीतर काळीज चालता चालता थांबेल!"

"आणि मागल्या एकादशीला काय खाल्लंस?"

"रताळ्याचा कीस, चार केळी, खजूर, दोन शहाळी. अन्नाचा कण नाही! संध्याकाळी पाय उचलेनात, सुनेनं धरून उठवलं. पण उपास मोडला नाही, आक्का!"



आक्कांनी ताट वाढलं. पांढरा भात. दुधीची भाजी, पोटॅशियम उतरावं म्हणून फोडी उकळून ते पाणी ओतून दिलेली, मीठ अगदी बेताचं.

"अहो, आज एकादशी!"

"ठाऊक आहे."

"मरेन, पण भाताला शिवणार नाही!"

"मरशील, असंच डॉक्टरही म्हणाले ना?"

 हैबतरावांच्या नातीचं लग्न आठवड्यावर आलेलं. आणि इकडे तीस वर्षांचं व्रत! एवढा थोरला गडी, पण डोळे भरूनच आले त्याचे.

"आक्का, कसं हो मोडू?…"

आक्का ताटापुढे बसल्या. पन्नास वर्षं एकादशीला पाण्याचा थेंबसुद्धा न घेणारी ही बाई. त्यांनी भाताचा घास उचलला आणि सरळ तोंडात घातला.

"अगं आई गं! आक्का, हे काय केलंत!" हैबतराव किंचाळलेच.

आक्कांनी घास नीट चावून गिळला. पदराला हात पुसला आणि ताट हैबतरावांपुढे सरकवलं.

"मोडली ती माझी एकादशी. तुझ्या मिरवण्याचा उपास तर आता सुरू होतोय… बस जेवायला."