गव्याचे पांढरे मोजे

ही गोष्ट खरी आहे. अगदी गळ्याची शपथ घेऊन सांगावी इतकी खरी. ज्या माळावर ती घडली तो माळ आजही जागच्या जागी आहे. म्हणजे माळ आता राहिलेला नाही, पण जागा आहे. आणि ही गोष्ट ज्या कासवाने सांगितली ते कासव उभ्या आयुष्यात एक शब्दही खोटं बोललं नाही. तसं ते फारसं बोलतच नसे. असो. बालमित्रांनो, खरं किती आणि खोटं किती ते मागाहून पाहू. आधी ऐका तर खरं.

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडं संपून मोकळा माळ लागतो तिथे, एक टिटवी राहत असे. तिला एकच खोड होती. तिला प्रश्न पडत. सरडा कुणाला 'हो' म्हणून मान हलवतो? वटवाघळाला जग उलटं दिसतं की आपणच त्याला उलटे दिसतो? प्रश्न विचारून टाकल्याशिवाय तिला झोप येत नसे, आणि तिने तो विचारला की बाकी जंगलाची झोप उडे. टिटवीचा आवाज तुम्ही ऐकला असेलच.

त्या माळावर जंगलातल्या बड्या मंडळींचा एक क्लब होता. खेळ साधाच. एका बेलफळाला फटके मारत न्यायचं आणि लांबच्या एका बिळात घालायचं. ज्याला कमी फटके लागले तो जिंकला. गवा खुराने मारी, रानडुक्कर सुळ्याने, सांबर शिंगाने. फटका हुकला तर "आज वारा फार आहे" असं म्हणायची रीत होती. खेळाचे नियम ढिले, पण पोशाखाचा नियम मात्र कडक. माळावर पाऊल टाकायचं तर पायात गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे हवेत! अध्यक्ष गव्याचे मोजे जन्मापासूनचे. कुठलाही गवा बघा, अंग काळंभोर आणि गुडघ्यांखाली पाय पांढरे. बाकीचे सभासद रोज सकाळी तळ्याकाठच्या पांढऱ्या शाडूत पाय बुडवून मोजे चढवत, आणि ते वाळून अंगाला खाज सुटली तरी कुणी खाजवत नसे. ते सभ्यपणाचं दिसत नसे ना!

नवी बेलफळं पिकून पडेपर्यंत खेळ बंद असे. अशाच रिकाम्या दिवसांत टिटवीने माळाच्या मध्यावर, खड्यांच्या एका खळग्यात, चार अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांत खड्यांसारखी अंडी, हेच तिचं घर आणि हेच तिचं कुलूप. ऊन तापलं की ती तळ्यावर जाई, पोटाची पिसं चिंब भिजवी आणि परत येऊन अंड्यांवर बसे, म्हणजे अंडी थंड राहत. एका सकाळी ती अशीच पोट भिजवून परतली, तर माळावर ही गर्दी! पहिलं बेलफळ पडलं होतं आणि क्लब सुरू झाला होता.

ती माळावर उतरणार तोच कोतवाल पक्षी वरून सुईसारखा तिच्या अंगावर आला.

"मागे फीर! मोजे कुठायत?"

"कोतवालदादा, मी जरा पलीकडे जाऊन येते."

"उघड्या पायांनी? आणि तेही पिवळ्या? शोभतं का बाईमाणसाला!"

टिटवीने त्याच्या पायांकडे पाहिलं. "तुमचे मोजे कुठे आहेत हो?"

"मी सभासद नाही," कोतवाल दुभंगलेली शेपटी ताठ करून म्हणाला. "मी शिस्त आहे."

ती उडून गेली तर तो हवेत गाठी, चालत गेली तर गवतात. शेवटी गलका ऐकून क्लबचा चिटणीस रानडुक्कर आला. आता खरं कारण सांगून टाकावं असं टिटवीच्या चोचीच्या टोकापर्यंत आलं, पण तिने ते गिळलं. चिटणीसाला अंडी किती आवडतात हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. ती गुपचूप तळ्यावर गेली, शाडूत पाय बुडवले आणि काड्यांसारखे पांढरे पाय टाकत परत आली.

डुकराने वाकून तिचे पाय हुंगले. "मोजा गुडघ्यापर्यंत हवा."

"आहे की!"

"पण तुझा गुडघा मागे वळतो. उलट्या गुडघ्यापर्यंत म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे सभेत ठरवावं लागेल. पुढच्या पौर्णिमेला ये."

"पण मोजे मुळात कशासाठी?"

"परंपरा आहे."

"ती कुणी पाडली?"

"परंपरा पाडत नसतात, बाई. ती असते," डुक्कर म्हणाला आणि खाज सुटलेला पाय दुसऱ्या पायावर घासता घासता थांबला.

सूर्य वर चढत होता. दुपारपर्यंत अंड्यांवर सावली पडली नाही, तर ती आतल्या आत शिजली असती. टिटवी तळ्याकडे परतली ती रडवेली होऊन. पण डोळ्यांत पाणी असलं तरी डोक्यातला प्रश्न काही हटेना. काठावर एक म्हातारं कासव ऊन खात पडलं होतं आणि पलीकडे, पहिला डाव संपवून, अध्यक्ष गवा पाणी पीत होता. कोतवाल इथे नव्हता. टिटवी टुणकन गव्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या पायांत हे मोजे कुणी घातले?"

गव्याने पाण्यातून तोंड वर काढलं. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने खाली वाकून स्वतःचे पाय पाहिले, पहिल्यांदाच पाहावेत तसे.

"माझ्या वडलांचे असेच होते," तो म्हणाला. "त्यांच्या वडलांचेही. मानाची खूण असणार."

"मानाची कसली!" कासव डोळे न उघडता म्हणालं. "भाजल्याची खूण आहे ती."

गव्याने पुन्हा आपल्या पायांकडे पाहिलं.

"कोण भाजलं, आजोबा?" टिटवीने विचारलं.

"ह्याचा खापरपणजोबा. वणवा लागला होता, तेव्हा पोरगेलासाच होता. निखाऱ्यांवरून पळाला, जीव वाचला, पण गुडघ्यांपर्यंत पाय भाजले. मग केस आले ते पांढरे. ह्याच माळावर सगळे खेळायचे तेव्हा. क्लब नव्हता, चिटणीस नव्हता, काही नव्हतं. हा मात्र झाडीत लपून बघायचा. पाय दिसतील म्हणून बाहेर यायचा नाही. लाजायचा रे, फार लाजायचा."

"मग?" ह्या वेळी विचारलं ते गव्याने.

"मग काय, एका सकाळी सगळ्यांनी इथेच, ह्याच शाडूत पाय बुडवले आणि गेले त्याला बोलवायला. म्हणाले, 'चल रे, आज सगळ्यांचेच पाय पांढरे!' मीही बुडवले होते चारही. वाटेत कोल्ह्याला घाबरून आत ओढून घेतले, ते कुणाला दिसलेच नाहीत. पण बुडवले होते. तो बाहेर आला. काय खेळला त्या दिवशी! पुढे सवय झाली, सवयीची रीत झाली, आणि रीत राखायला तुम्ही कोतवाल नेमला." कासवाने आता एक डोळा उघडला. "आणि पोरी, तुला कसली एवढी घाई आहे? मघापासून सूर्याकडे बघते आहेस."

टिटवीने गव्याकडे पाहिलं. हा गवत खाणारा आहे, ह्याला सांगायला हरकत नाही. तिने सगळं सांगितलं.

तेव्हा गवा ताडकन निघाला. माळाच्या कडेला एक उंच खडक होता, त्यावर चढून त्याने घनगंभीर आवाजात भाषण केलं. "सभासदहो! जी रीत एकाला आत आणण्यासाठी पडली, तिनेच आज एका आईला बाहेर ठेवलं. धिक्कार असो आपला!" ते ऐकून सांबराच्या डोळ्यांना धार लागली. रानडुकराने तिथल्या तिथे मोजे धुऊन टाकले. कोतवालाने टिटवीचे पाय धरले, आणि मोज्यांचा नियम एकमताने रद्द झाला.

नाही. एवढा भाग मात्र खोटा आहे. भाषण झालं नाही, कुणी रडलं नाही, आणि नियमही रद्द झाला नाही. अध्यक्ष म्हटला की त्याच्या तोंडी भाषण हवं, म्हणून ते आपलं घुसडून दिलं. घडलं ते असं.

गवा काही बोललाच नाही. तो तळ्याच्या दुसऱ्या काठाला गेला, जिथे काळा चिखल असतो, आणि पोटापर्यंत आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचे चारही पाय काळेकुट्ट झाले होते. तसाच, चिखल गाळत, तो माळाकडे चालू लागला. त्याच्या पोटाखालून, चार पायांच्या मधून, टिटवी आपल्या उघड्या पिवळ्या पायांनी तुरुतुरु चालत होती.

कोतवालाने झेप घेतली. गव्याचे पाय पाहिले, चोच उघडली; मग गव्याची शिंगं पाहिली आणि चोच मिटली.

खड्यांच्या खळग्यापाशी टिटवी थांबली, तिथे गवाही थांबला. ऊन अगदी डोक्यावर आलं होतं, आणि त्या वेळी कुणाचीही सावली त्याच्या स्वतःच्या पोटाखालीच पडते. गव्याच्या पोटावरून काळं पाणी ठिबकत होतं, ते टिटवीच्या पाठीवर आणि तापलेल्या अंड्यांवर पडत होतं. तिने एकेका अंड्याला चोच लावून पाहिली, मग पंख पसरून अलगद वर बसली.

रानडुक्कर हुंगत हुंगत जवळ आला. "अध्यक्षसाहेब, मोजे? आणि हे खाली काय आहे?"

गव्याने मान थोडी खाली केली. शिंगंही खाली आली.

"आज वारा फार आहे," डुक्कर म्हणाला आणि आल्या वाटेने परत गेला.

त्या दिवशीचा खेळ गव्याला वळसा घालून झाला. सूर्य कलेपर्यंत तो जागचा हलला नाही. माश्या आल्या तर फक्त शेपटी हलवी. दुसऱ्या दिवशीही तो चिखल माखून तिथे येऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी सांबर शाडू न लावता आलं, आणि कोतवाल नेमका त्याच वेळी किडे शोधण्यात गुंतला होता. पुढे अंडी फुटली. टिटवीची पिलं जन्मल्या जन्मल्या चालू लागतात. ती चौघं पिसं वाळताच माळभर धावत सुटली, आणि त्यांतलं धाकटं थेट गव्याच्या पायाशी जाऊन उभं राहिलं. चिखल वाळून निखळला होता, खालचं पांढरं दिसत होतं.

"हे पांढरं का?" पिलाने विचारलं.

गवा खाली बसला, आणि त्याने पिलाला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तात्पर्य : कुणाला दारातून परतवण्याआधी, ते दार कुणासाठी उघडलं होतं एवढं विचारून घ्यावं.