लाल लुगडं आणि गुळाची पाटी

फार पूर्वी, नदीवर पूल बांधावा हे अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं तेव्हा, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्हीकडे एकाच दिवशी बाजार भरे. अलीकडच्या गावात उसाची गुऱ्हाळं, म्हणून गूळ स्वस्त. पलीकडे ऊस नाही, म्हणून बाजार उघडताना गूळ महाग.

अलीकडच्या गावात एक बाई राहत असे. नवरा वारलेला, घरात एक धाकटा दीर आणि काजळी नावाची म्हैस. काजळीच्या दुधावर घर चाले. बाईच्या मनात आलं, इथे घ्यायचा, तिथे विकायचा, मधला फायदा आपला. यात न कळण्यासारखं आहे काय?

गुळाच्या ढेपांची पाटी डोक्यावर घेऊन तिने घाट गाठला. पण नावाड्याची रीत अशी, की नाव माणसांनी भरल्याशिवाय तो वल्हं हातात घेत नसे. बाई बसून राहिली. कुणी कोंबड्या घेऊन आलं, कुणी रडकी पोरं घेऊन. अखेर नाव भरली, पलीकडे लागली, आणि बघते तर काय, सकाळी चढलेला भाव पार उतरलेला! भाडं जाऊन हाती काही राहिलं नाही. पुढच्या बाजारीही तेच.

दीर म्हणाला, "वहिनी, घोळ सगळा नावेचा आहे. काजळी विकू आणि स्वतःची नाव घेऊ. मग कुणाची वाट बघायला नको."

बाईला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच ती घाबरली. काजळी गेली आणि नावही चालली नाही, तर खायचं काय? तोवर दिराने बोलावलेला म्हैस घेणारा दोर घेऊन दारात हजर. "संध्याकाळपर्यंत थांबा, दादा," असं त्याला सांगून ती तडक गुळाच्या मोठ्या पेढीवर गेली. ज्याला हे जमलंय त्यालाच जाऊन विचारावं, एवढी साधी गोष्ट भल्याभल्यांना सुचत नाही. तिला सुचली. मला तर तिचं इथेच कौतुक वाटतं.

पेढीवरचा शेठ हसला. म्हणाला, "नदीपलीकडे ती टेकडी बघ. काय दिसतं?"

"कुणाची तरी लुगडी वाळत घातलीत."

"अगं, पावसातसुद्धा वाळत असतात?"

बाईने कपाळावर हात मारला. सगळं गाव वर्षानुवर्षं ती लुगडी बघत होतं!

"तिकडे भाव चढला की माझा माणूस लाल लुगडं पसरतो," शेठ म्हणाला. "माझ्या नावा इथे भरूनच उभ्या असतात. तुझ्या कानावर भाव येईपर्यंत माझा गूळ तिकडे उतरलेला असतो. माल वाढला की भाव पडतोच. आणि एका ढेपेमागे मला सुटतं ते चिमूटभर. ढेपा ढीगभर, म्हणून भागतं."

"आता खूण मलाही कळली. स्वतःची नाव घेतली तर?"

"घे की. पण माझ्या नावेला वल्ही मारायला गडी आहेत गडी. तुझा दीर एकटा."

शेठचंही मानलं पाहिजे. उगाच गोड बोलून त्याने बाईला बुडवलं नाही.

संध्याकाळी बाई घरी आली. दोरवाला दारातच होता. ती दिराला म्हणाली, "भावजी, यांना गूळपाणी विचारा आणि दोर परत जाऊ द्या. काजळी कुठे जात नाही."

"आणि घरात पडलेल्या गुळाचं काय, वहिनी?"

बाईला घाटावरची ती रडकी पोरं आठवली. पुढच्या बाजारी तिने शेंगदाणे भाजले, गुळात घोळून वड्या थापल्या आणि नावेपाशी जाऊन बसली. नावाडी आपला नेहमीसारखा नाव भरायची वाट बघत होता. खोळंबलेल्या माणसांना भूक लागली, पोरांनी हट्ट धरला आणि बघता बघता पाटी रिकामी झाली. ज्या खोळंब्याने तिचा फायदा खाल्ला होता, त्याच खोळंब्यावर तिचं घर चालू लागलं. दुसरी पाटी घेऊन दीर पलीकडच्या घाटावर बसू लागला. शेठचे गडीही लुगड्याकडे डोळे लावून वड्या खात.

एके दिवशी खुद्द शेठ आला. दोन वड्या तोंडात टाकून त्याने सवयीने विचारलं, "पलीकडे तुझा दीर बसतो ना? तिकडे काय भावाने देतो?"

"ह्याच भावाने, शेठ," बाई म्हणाली. "आमच्यात लुगडं पसरावं लागत नाही."

शेठ इतका हसला, की त्याला ठसका लागला. बाईनेच त्याला पाणी दिलं.

तात्पर्य काय, तर दोन बाजारांतला फरक दिसतो सगळ्यांना, पण मिळतो आधी पोचणाऱ्याला. आपली नाव किती पळते, हे म्हैस विकायच्या आधी विचारून घ्यावं, आणि विचारताना लाजू नये.