घाण्याच्या बैलाचा पोळा

बैल एकमेकांशी बोलायचे, पण माणसांना त्यातलं अक्षरही कळत नसे, त्या काळची ही गोष्ट. एका तेल्याकडे बांड्या नावाचा बैल होता. डोळ्यांवर झापड बांधून तो जन्मभर घाण्याभोवती फिरला होता.

एका पोळ्याला तेल्यानं घाणा बंद ठेवला. बांड्याची झापड सोडली, पाठीवर झूल चढवली आणि त्याला मिरवणुकीत नेलं. समोरचा रस्ता सरळ होता, तरी बांड्या सारखा एका बाजूला वळायला लागला.

“हा रस्ता वळत का नाही?” त्यानं शेजारच्या हरण्याला विचारलं. हरण्या नांगराचा बैल होता.

“कशाला वळेल? आज सुट्टी आहे. मजेत चाल.”

“पण घाणा नसला तर मी कोण रे?”

हरण्या शिंगं हलवत पुढे चालत राहिला.

मारुतीच्या देवळाला सगळ्या बैलांनी प्रदक्षिणा घातली आणि ते पुरणपोळी खायला घरी निघाले. बांड्या मात्र देवळाभोवती फिरतच राहिला.

“अरे, चल की आता,” हरण्या म्हणाला.

“थांबायची भीती वाटते,” बांड्या म्हणाला.

तेल्यानं कासरा ओढून पाहिला, मग सोडून दिला. बैलाची एवढी भक्ती पाहून लोकांनी हात जोडले. बांड्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.