तेल नाकारणारा लॉकनट

उसाचे चरक आणि त्यांचे नटबोल्ट अजून बोलत होते, तेव्हाची गोष्ट. गोदाक्कांच्या रसवंतीत चरकाच्या झाकणाचा लोखंडी नट रस लागून लागून गंजला. जागा अरुंद, म्हणून तुळशीराम मिस्त्रींनी स्टीलच्या पातळ लॉकनटांची पुडी आणली आणि त्याच्याऐवजी त्यातला एक काढला.

"बाळा, चढण्याआधी थेंबभर तेल घे," गंजका नट हत्यारांच्या पेटीतून म्हणाला. "स्टीलवर स्टील कोरडं फिरलं की तापून चिकटतं."

"तेल गंजणाऱ्यांनी घ्यावं. आमच्या घराण्यात डाग नाही!"

मिस्त्रीही त्या चकाकीला भुलले. "याला कशाला हवंय तेल?" म्हणत त्यांनी नट तसाच पान्याने गरगर फिरवला. अर्ध्या वाटेवर तो तापला आणि बोल्टला असा चिकटला, की पुढे जाईना, मागेही येईना. खाली झाकण खडखडू लागलं.

नट मात्र गरजला, "कुणाची टाप आहे मला हलवायची? याला म्हणतात निष्ठा!" पुडीतल्या भाऊबंदांनी वाहवा केली.

"मिस्त्री, झाकण रसात पडेल की हो!" गोदाक्का ओरडल्या. शेवटी मिस्त्रींनी करवत घेतली आणि नट बोल्टासकट कापून काढला.

पुडीत शोकसभा भरली. "शेवटपर्यंत जागा सोडली नाही हो," म्हणत सगळ्यांनी उसासे टाकले. मग दुसरा लॉकनट छाती काढून पुढे आला. "मलाही तेल नको!"

करवत तेवढ्यात पेटीत परतत होती. गंजका नट तिला म्हणाला, "बाई, आत कशाला येतेस? बाहेरच बस."