टाचेखालचा वास

एका राज्यात राजाच्या आईचं कुणी ऐकत नव्हतं. भिवाई तिचं नाव. नवरा रणात पडल्यावर हिनेच गादी सांभाळली, हिनेच पोराला राजा केलं. पण थंडीच्या तोंडाला ती भर दरबारात म्हणाली, "या महालात वास येतोय, आणि तो बाहेरचा नाही," तेव्हा दरबार हसला.

प्रधान म्हणाला, "आईसाहेब, वय झालं की नाकाला भास होतात."

"माझ्या नाकाचं राहू दे. तुझ्या अकलेला काय झालंय ते बघ," भिवाई म्हणाली. तरी कुणी ऐकलं नाही.

मग किडे दिसू लागले. मातीच्या रंगाचे, ढालीसारख्या पाठीचे, नखाएवढे. पडद्याच्या चुण्यांत बसत, उशीच्या शिवणीत बसत. चावत नसत, डसत नसत. नुसते उबेला येत. पण चिरडला की सडक्या कोथिंबिरीसारखा असा वास सुटे की माणूस घास टाकून उठे. लोक त्यांना घाण्या म्हणू लागले.

त्या राज्याची रीत अशी की, उंबरठा ओलांडून जो वैरी आत येईल त्याला टाचेनेच चिरडायचं. पहिला घाण्या राजाने टाचेखाली घेतला. नगारा वाजला. मग प्रधानाने घेतला, सैनिकांनी घेतला, पोराटोरांनी घेतला. एक चिरडावा, त्याच्या वासावर दहा यावेत.

"अरे मेल्यांनो, चिरडू नका! तो वासच त्यांना हाका मारतो!" भिवाई घसा फोडून सांगे. पुन्हा नगारा वाजे.

दुधाला वास लागला, भाताला वास लागला. थोरल्या नातीने अन्न सोडलं. आजीच्या मांडीवर ती वाळत गेली आणि एका सकाळी हलवली तर हलली नाही. उरला पाळण्यातला नातू. त्याच्या आईच्या अंगालाही तोच वास. पोर छातीपासून तोंड फिरवू लागलं.

राजाने गुन्हेगार शोधायला घेतला. दिवे लावणारी कुशी हिच्या दिव्यांवर किडे येतात म्हणून तिला वेशीबाहेर हाकललं. ती बिचारी तिथंच गारठून मेली. मग बागेतून किडे येतात म्हणून माळ्याला सुळी दिलं. खोटा दोष लागला की किडे दुप्पट होत. भिंती दिसेनाशा झाल्या.

भिवाई गच्चीवर गेली. कठड्यावर एक कोतवाल पक्षी बसला होता, काळा, दुभंगल्या शेपटीचा. तो माणसासारखा बोलला.

"राजमाते, मी किडे खाऊन जगतो. पण हे मला खाववत नाहीत. यांच्यात माणसाचा श्वास आहे."

"उपाय सांग. नातू जातोय माझा."

"तीन कामं आहेत. टाच थांबव. फटी बुजव. आणि शेवटच्या फटीत जे कळेल, ते नाव दरबारात घे. आईच्या तोंडून निघालेलं नावच शाप तोडेल."

"कुणाच्या आईच्या?"

कोतवाल उडून गेला.

भिवाईने पदर खोचला. रिठे उकळून फेसाचं पाणी केलं, परातींत ओतलं. केरसुणीने हलक्या हाताने किडे झाडले, फेसात सोडले. वास उठला नाही. जो टाच उचलेल त्याच्या नडगीवर तिने केरसुणीचा दांडका हाणला. प्रधानालाही हाणला. पहिलं काम झालं.

मग चुन्यात गूळ कालवून तिने फटी लिंपायला घेतल्या. खिडक्यांच्या, तुळयांच्या, मोऱ्यांच्या. पितरांच्या येण्याजाण्याची म्हणून एक फट त्या महालात पिढ्यान्‌पिढ्या उघडी ठेवत. पुरोहित आडवा आला. "पितर कोपतील, आईसाहेब!"

"पितरांना दार उघडून देईन मी. तू बाजूला हो." तीही बुजली. दुसरं काम झालं.

एकच फट राहिली, राजाच्या पलंगामागे. तिच्यातून किडे धारेसारखे वाहत होते. भिवाईने कुदळ घातली. आत सोन्याच्या ढालींनी भरलेली पेटी निघाली, आणि किडे एका आवाजात बोलले, "माई, बाहेर थंडी आहे. आत घ्या."

मागल्या हिवाळ्यात डोंगरातले लोक वेशीशी आले होते. भिवाई तेव्हा माहेरी होती. दरोडेखोर होते, सेनापतीने मारले, असं तिला सांगितलं होतं. पण तो सेनापती तर त्यानंतर लगेच मेला होता, मग किडे राजाच्याच पलंगामागे का?

राजा दारात उभा होता.

"हे आसरा मागायला आले होते ना रे?"

"कोठारात धान्य कमी होतं, आई."

"आणि सोनं?"

"ते त्यांनी पायाशी ठेवलं. आसऱ्याचा मोबदला म्हणून."

"ते उचललंस. आणि त्यांना?"

राजाने आपल्या टाचांकडे पाहिलं. "हत्तींच्या पायी दिलं. आई, नाव घेतलंस तर आसऱ्याला आलेल्यांना मारलं म्हणून कायदा मला वेशीबाहेर काढेल. पुन्हा कुणी दार उघडणार नाही. कुशीचं काय झालं ते तू पाहिलंस."

"पाहिलं. पाळण्यातही पाहतेय."

"मी तुझा एकुलता एक."

"म्हणून तर नाव मीच घ्यायचं," भिवाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

दरबार भरला. ती उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली. बोलताच किडे भिंती सोडून महाद्वारातून रांगेने बाहेर पडले, आणि उंबरठ्यापलीकडे त्यांची माणसं झाली. ती माणसं पाठमोरी डोंगराकडे निघून गेली. नातवाने आईची छाती धरली. राजाने मुकुट उतरवला आणि अनवाणी वेशीबाहेर गेला. त्याच्यामागे दार लागलं. सून गादीवर बसली. डोंगराचं सोनं डोंगरात पोचलं. त्या राज्यात टाचेची रीत मोडली आणि हिवाळ्यात वेस उघडी राहू लागली. भिवाई मात्र पुढे कधी विस्तवापाशी बसली नाही.

ते वाक्य तिथल्या लोकांना अजून पाठ आहे:

"आसरा मागणाऱ्यांना ज्याने चिरडलं, तो माझ्या पोटचा, या गादीचा राजा, रणकेसर."